मॅकिन्डोरांच्या तीन पिढ्या

अझैबा, मस्कत
शुक्रवार, ४ नोव्हेंबर २०१६

चि. वल्लरीस,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. या घरात एक वेताची खुर्ची आहे. ती ‘बाबांची’ म्हणून आजवर निर्विवाद मानली गेली. तिच्या उजव्या हातावर माझ्या चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं आहे आणि तिच्यावर बसूनच मी तुला ‘देव’ चालवायला शिकवला (‘देवाभ्याम्’पाशी तू रडली होतीस). त्या खुर्चीवर गेले तीन शुक्रवार एक सहा फुटी स्कॉटिश गृहस्थ विराजमान होतात. तुझी आई त्यांना हाताला धरून बसवते. मी प्लास्टिकच्या स्टुलावर. सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्याचं हे फळ.

तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून तक्रार पोस्टाने पाठवतो आहे. ऑगस्टमध्ये ‘मुलाचं गोत्र काय?’ असं फोनवर विचारलं ते अर्धं गमतीत होतं. तू उरलेलं अर्धं ऐकलंस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून ग्लासगोचं वृत्त मला आईकडून संपादित स्वरूपात मिळतं. तिने दिलेल्या बातमीनुसार जानेवारीत पुण्यात लग्न आहे आणि मी त्याचा वधुपिता आहे.

तुझ्या लाखलनला त्याच्या कंपनीने बंदराच्या कामासाठी इथे धाडलं, हा योगायोग आहे की तुम्हा मायलेकींचा कट, ते मी विचारणार नाही. मदिनत सुलतान काबूसमध्ये कंपनीचा फ्लॅट आहे, तिथे तो टोस्ट खाऊन राहतो. शुक्रवारी आमच्याकडे जेवतो. आई त्याला लखन म्हणते. त्याला वाटतं तो मराठी उच्चार आहे. मला तो ‘गुरुजी’ म्हणतो, हे तू शिकवलेलं दिसतंय.

आज आडनावाचा विषय काढला. मॅकिन्डोर. प्रथम ऐकलं तेव्हा मला ते खोकल्याचं औषध वाटलं होतं. मूळ गेलिक रूप तो ‘मॅक अन ज्योर’ असं काहीसं म्हणतो. ‘मॅक’ म्हणजे पुत्र, एवढं मलाही ठाऊक होतं. ‘ज्योर’ म्हणजे परका, वाटसरू, गाव सोडून आलेला. एकूण ‘परक्याचा पुत्र’. मी म्हटलं, मग अर्ध्या मस्कतने हेच आडनाव लावायला हवं. तो खूप हसला. मग म्हणाला, जुन्या काळी तिकडे एखाद्या संताची घंटा किंवा काठी सांभाळणाऱ्याला हा शब्द लावत. तो माणूस ती वस्तू घेऊन गावोगाव फिरे, म्हणून परका. त्यांच्या घराकडे घंटा होती का, हे कुणालाच माहीत नाही, पण ती हरवली याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

हे वाक्य मला आवडलं. आईला सांगू नकोस.

मग त्याने आपल्या आडनावाचा अर्थ विचारला. उकिडवे याचा अर्थ मी जमिनीवर बसूनच दाखवला. तुझ्या आजोबांची कथाही सांगितली, की पेशव्यांच्या पंगतीत पाट कमी पडले, तेव्हा आपले मूळपुरुष मान न सोडता उकिडवे बसून जेवले. त्याने विचारलं, हे खरं आहे? मी म्हटलं, आजोबांचे गुडघे दुखायचे आणि त्यांना कारण हवं होतं, एवढं नक्की खरं आहे.

तुझा,
खुर्चीवंचित बाबा


अझैबा
शनिवार, १२ नोव्हेंबर

चि. वल्लरीस,

पुण्याच्या गुरुजींनी व्हॉट्सॲपवर वराचे तीन पुरुष मागितले. कन्यादानाच्या वेळी अमुक गोत्राचा, अमक्याचा पणतू, तमक्याचा नातू, असा उच्चार करायचा असतो. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं, ही शास्त्राने करून ठेवलेली सोय. (ऑगस्टमध्ये तू फोन ठेवला नसतास तर मी हेच सांगणार होतो.) तेव्हा तो आता काश्यपगोत्रोत्पन्न मॅकिन्डोर आहे. मंत्रात म्हणून पाहिलं, नीट बसतो.

काल जेवणानंतर नावं लिहून घ्यायला बसलो. नील, आर्चीबाल्ड, डोनल्ड. त्याच्याकडून नांदीश्राद्ध करणारं कुणी नाही, म्हणून तेही आपल्याकडेच आहे, आणि नांदीत बोलवायचे ते दिवंगत पितर. साहजिकच मला विचारावं लागलं की यांतले हयात कोण.

कुणी नाही.

वडील नील अंगणात बूट घालत होते, तेव्हा गेले. लाखलन नऊ वर्षांचा होता. आजोबा बोटीची वाट बघत धक्क्यावर उभे होते. पणजोबा गवत कापत होते. तिघेही चाळिशीच्या अलीकडेपलीकडे, तिघेही धडधाकट, आदल्या दिवसापर्यंत डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. हे त्याने असं सांगितलं, जसं आपण ‘आमच्याकडे सगळ्यांना चष्मा आहे’ म्हणून सांगतो. त्याच्या आजीकडे याचा खुलासा होता. आडनावच परक्याचं, त्यामुळे या घरचे पुरुष स्वतःच्या घरीही पाहुणेच, आणि पाहुण्याने फार दिवस राहायचं नसतं. आजीने नवरा पोचवला, मुलगा पोचवला आणि दोन्ही वेळा हेच सांगितलं.

आईने पदराने डोळे टिपले. “किती सुंदर बोलायच्या हो आजी,” म्हणाली.

मी नावं लिहून घेतली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने खुलासा चिंत्य आहे. ‘चिंत्य’ हा आम्हा पंडितांचा शब्द, साफ चूक म्हणायचं नसलं की वापरतात.

तो चौतीस वर्षांचा ना? सहज विचारतो.

तुझा,
बाबा


अझैबा
शनिवार, १९ नोव्हेंबर

चि. वल्लरीस,

काल इथला राष्ट्रीय दिन. खांबाखांबावर लाल-हिरव्या दिव्यांच्या माळा, गाड्यांवर झेंडे. संध्याकाळी आम्ही तिघे बौशरच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. घरांच्या आणि दुकानांच्या मधोमध देवाने ट्रक रिकामा करावा तशी ती वाळू पडली आहे, तुला आठवत असेल. आई खाली गाडीपाशी थर्मास उघडून बसली. लखनला तुझ्यासाठी वरून फोटो काढायचा होता. मी बरोबर चढलो. वाळूत तो जरा घसरला. बाकी काही विशेष नाही.

आडनावाबद्दल अधिक विचार केला. ‘परका’ या अर्थाचे आपल्याकडे कितीतरी शब्द आहेत, आणि त्यांतल्या एकानेही कुणाला मारल्याचं माझ्या वाचनात नाही. शब्दाचा अर्थ माणसाला चिकटतो तो माणसानेच चिकटवला तर. माझे वडील आयुष्यभर गुडघ्यांनी हैराण होते. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायचे, उकिडव्यांचे गुडघे असेच. शेवटची काही वर्षं ते खाटेवरून उतरले नाहीत. पुढे कुणीतरी सांगितलं, वेळेत दाखवते तर चालते राहिले असते. मूळपुरुष पेशव्यांकडे जेवला, आणि त्याची किंमत वडिलांनी दिली.

तुम्ही तिकडे डोंगर चढायला जाता, तेव्हा तो पुढे असतो की मागे? मध्येच थांबतो का? कधी चक्कर वगैरे? आईला कळवलंस तरी चालेल. ती संपादन करून मला सांगेल.

आणि फोटो चांगला आला नसेल तर त्याला दोष देऊ नकोस.

तुझा,
बाबा


अझैबा
शनिवार, २६ नोव्हेंबर

चि. वल्लरी,

मागच्या पत्रात ‘घसरला’ लिहिलं. तो घसरला नव्हता.

टेकडीच्या माथ्यावर पोचलो. त्याने फोन काढला, माझ्याकडे वळून “गुरुजी, हसा” म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसला. मला वाटलं उकिडवे व्हायचा विनोद चालला आहे. मग तो तोंडावर पडला. मी त्याला उताणं केलं. ओठांवर वाळू होती आणि ओठांचा रंग गेला होता. मी हाका मारल्या. कुठल्या भाषेत मारल्या, आठवत नाही. मग डोळे उघडले. तो माझ्याकडे असा बघत होता की आधी मी कोण, हेच त्याला आठवावं लागलं. मग उठून बसला, वाळू झटकली आणि म्हणाला, “खलास. यल्ला, चहा प्यायला.” इथे येऊन दोन महिने झाले, तेवढं अरबी त्याला येतं.

उतरताना त्याने माझा हात धरला. वल्लरीला सांगू नका, म्हणाला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खाली आई चहा ओतत होती. तिने विचारलं, “काय हो, तुमचा चेहरा का असा?” मी म्हटलं, चढ होता.

काल शुक्रवारी तो जेवला आणि नेहमीसारखा सोफ्यावर आडवा झाला. मी वर्तमानपत्र उघडलं आणि पानाच्या वरून त्याच्या शर्टाचं तिसरं बटण बघत बसलो. वर जातं, खाली येतं. एकदा मला वाटलं, आलं नाही. मी उठून जवळ गेलो, वाकलो. आई स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात ओरडली, “अहो, उठवू नका त्याला, दमलाय पोरगा.” बटण वर गेलं. मी परत बसलो. पेपर उलटा धरलेला होता.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर शहनाज तुला आठवतात, हृदयाच्या. त्यांना जिन्यात गाठलं आणि एका मित्राची गोष्ट म्हणून विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, भाजीची पिशवी खाली ठेवली, आणि म्हणाल्या, “मास्टरजी, दोस्त का नाम मत बताइए. पर उसे ले आइए.”

काही घरांत हृदयाचा स्नायू जाड होत जातो, असं त्या म्हणाल्या. बाहेरून माणूस पैलवान. बापाकडून मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. सोनोग्राफीसारखी तपासणी असते, छातीवरून. कळलं तर गोळ्या आहेत, काहींच्या कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतात, आणि असे लोक म्हातारे होऊन नातवंडांवर ओरडतात. न कळलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. पिशवी उचलली.

ते मला गेल्या दोन आठवड्यांपासून पाठ आहे. अंगण, धक्का, गवत.

बाबा


अझैबा
शनिवार, ३ डिसेंबर

चि. वल्लरी आणि चि. लाखलन,

दोघांना मिळून लिहितो, कारण यात एकाच्या पाठीमागे दुसऱ्याला सांगण्यासारखं काही ठेवायचं नाही. लाखलन, तुला वल्लरी वाचून दाखवील. विनोद जिथे आहेत तिथे तिने गाळू नयेत.

वल्लरी, आधीची चार पत्रं तुला अजून मिळाली नसतील, निदान शेवटची दोन तरी नाहीतच. मी पोस्टाने पाठवली, कारण पोस्ट हळू जातं. हे पत्र आई फोनवर फोटो काढून आज धाडणार आहे. म्हणून थोडक्यात पुन्हा सांगतो. गेल्या महिन्यात बौशरला तो बेशुद्ध होऊन पडला. त्याचे वडील, आजोबा आणि पणजोबा चाळिशीच्या आसपास, आजारी न पडता, अचानक गेले. ही गोष्ट आडनावाची नाही, हृदयाची असू शकते, आणि तपासता येते.

मंगळवारी शाळेतून थेट त्याच्या फ्लॅटवर गेलो आणि हे सगळं त्याला सांगितलं, माझ्या वडिलांच्या गुडघ्यांसकट. तो शांतपणे ऐकत होता. माझ्यासाठी टोस्ट भाजला. मग म्हणाला, आपल्याला हे पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणजे ठाऊक नाही, पण संशय आहे. त्याच्या आईने एकदा डॉक्टरांकडे नेलं होतं, तर तो बाहेरूनच परत फिरला.

“मग आता का नाही?” मी विचारलं.

“तपासलं आणि निघालं, तर मला ते वल्लरीला सांगावं लागेल,” तो म्हणाला. “तपासलं नाही तोवर मी तिच्याशी खोटं बोलत नाही.”

मी आयुष्यात पुष्कळ तर्कशास्त्र वाचलं आहे. इतका निर्दोष आणि इतका भेकड युक्तिवाद पाहिलेला नाही. तसं मी त्याला म्हणालोही. म्हटलं, तू सांगणार नसशील तर मी सांगेन. तुला आत्ता तोंडावर सांगून सांगेन.

तो म्हणाला, “तिला वाटेल तुम्हाला हे लग्न मोडायचं आहे.”

“वाटू दे.”

टोस्ट तसाच राहिला. जिना उतरताना माझ्या मागे दार जरा जोरात लागलं.

काल शुक्रवार. तो आला नाही. आईने पानं मांडली, पुरणपोळी केली होती. खुर्ची रिकामी. आई म्हणाली, “बसा आता तुमच्या खुर्चीत, सुटलात.” मी स्टुलावरच बसलो. तिने त्याला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिला वाटलं झोपला असेल. तिला काहीच माहीत नव्हतं ना. मी पानावरून उठलो. मी शर्ट चढवला आणि टॅक्सी केली.

बेल वाजवली, दार ठोकलं, फोन लावला. फोन आत वाजत होता. वल्लरी, दाराच्या आत फोन वाजतो आहे आणि माणूस येत नाही, तो आवाज मी कधी विसरणार नाही. पहारेकरी कासम वर आला. मी त्याला दार तोड म्हटलं. तो मला आधी बसा म्हणाला, मालकाला म्हणतात तसं “अर्बाब, बैठो,” आणि किल्ली आणायला धावला. मी पायरीवर बसलो. मनात एकच चाललं होतं, नील, आर्चीबाल्ड, डोनल्ड, आणि चौथं नाव मी येऊ देत नव्हतो. संकल्पात बसवून म्हणून पाहिलेलं नाव.

मग खालून पावलं वाजली. तो वर येत होता, हातात पिशवी, पायात चपला, फोन घरी विसरून. दूध आणायला गेला होता.

मला पाहून थांबला. पिशवी खाली ठेवून तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. मग त्याने माझ्या शर्टाकडे पाहिलं. बटणं वरखाली लागली होती, नीट करायचं राहून गेलं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “तुम्ही खरंच घाबरलात.”

“हो.”

“माझ्यासाठी?”

मी पुन्हा हो म्हटलं.

“माझ्यासाठी असं कुणी घाबरलं नव्हतं,” तो म्हणाला. “आमच्याकडे फक्त रडायची पद्धत आहे. नंतर.”

मग म्हणाला, लिहा तिला. मला जमणार नाही. ती म्हणेल तसं करू.

रात्री आईला सगळं सांगितलं. तिने आधी मला झोडपलं, पंधरा दिवस गप्प राहिल्याबद्दल. मग पुरणपोळी डब्यात भरली, की उद्या त्याला नेऊन द्या.

आता मुद्द्याचं. सोमवारी सकाळी डॉक्टर शहनाज त्याला तपासणार आहेत, तू हो म्हणालीस तर. तू नको म्हणालीस तर त्याला नाही म्हणायला निमित्त मिळेल, आणि तो ते घेईल. म्हणून आज रात्री तू त्याला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल. जमलं तर विमानात बस आणि त्याच्या शेजारी बसून ती तपासणी बघ. काही निघालं तर लग्नाचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. काहीही निघालं तरी मी हे लग्न लावायला तयार आहे, हे इथे लिहून देतो.

तू म्हणशील, बाबांना माझी काळजी, आपली मुलगी तिशीत एकटी पडेल याची. ती आहेच. पण खरं सांगायचं तर काल त्या पायरीवर मला तू आठवली नव्हतीस. मला तो मुलगा आठवत होता, माझ्या खुर्चीत बसून हरवलेल्या घंटेची गोष्ट सांगणारा. तो मरेल, याची मला भीती वाटते.

बाबा